रोज फिरतो, तरी जमिनीवरून उठवत नाही: रावेर तालुक्यातल्या केळी बागायतदाराचं प्रकरण

तक्रार एका वाक्यात मावणारी होती. "रोज चार किलोमीटर फिरतो, दम लागत नाही, पण खाली बसलो की उठवायला माणूस लागतो." वय ६६, केळीचे बागायतदार, १९ वर्षांपासून मधुमेह. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, म्हणून इथेही तेच. हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. जळगाव जिल्ह्यातल्या केळीपट्ट्यातल्या घरांत वारंवार दिसणारा इतिहास एकत्र करून ते बांधलं आहे. मापं आणि त्यांत झालेला बदल अशा वयात नेहमी दिसतो तेवढाच धरला आहे.

निमित्त झालं भंडाऱ्याचं. वरण-बट्टीची पंगत उठली आणि आप्पा बसूनच राहिले. दोन्ही हात जमिनीवर टेकून पाहिले, जमेना. शेवटी पुतण्याने काखेत हात घालून उभं केलं. त्यानंतर पंगत टाळणं सुरू झालं. किर्तनाला गेले तरी मागे खुर्ची शोधायची. महिनाभराने बागेतल्या पाटावरून पाय टाकताना तोल गेला. हाड मोडलं नाही, पण घरचे घाबरले.

मुलाचा समज होता की वय झालं, आता असंच चालायचं. आप्पांचा समज वेगळा: "आयुष्यभर कष्ट केले, रोज फिरतोही, मग ताकद गेली कुठे?" आप्पांचा प्रश्न जास्त बरोबर होता.

मोजमाप

उंची १६४ सेंटीमीटर, वजन ६१ किलो. चालण्याचा नेहमीचा वेग सेकंदाला १.१५ मीटर, सहा मिनिटांत कापलेलं अंतर ४५० मीटर. दोन्ही आकडे या वयाला चांगले आहेत. आशियाई लोकांसाठी २०१९ साली ठरलेल्या निकषांत वेग १ मीटरच्या खाली गेला की काळजी करतात.

पायांची ताकद मोजली तेव्हा चित्र पालटलं. ४३ सेंटीमीटर उंचीच्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसायचं, हात छातीवर बांधायचे आणि ३० सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभं राहता येईल तितकं राहायचं. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. आप्पांना आठच जमले. पाच वेळा उठायला १७ सेकंद लागले. १२ च्या आत व्हायला हवेत. हाताची पकड २७ किलो, पुरुषांची मर्यादा २८. पोटरीचा घेर ३२ सेंटीमीटर, मर्यादा ३४. एका पायावर चार सेकंद. जमिनीवरून आधाराशिवाय उठणं जमलं नाही. गुडघ्यांत मध्यम झीज, उजव्यात थोडी जास्त.

म्हणजे हृदय-फुप्फुसं आणि चालणं शाबूत, मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू मात्र ओसरलेले. एकाच अंगात हे दोन्ही कसं, याचं उत्तर ४४ ते ५८ या वयात होतं.

मधली चौदा वर्षं

चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत बागेला पाटाने पाणी भरलं जायचं. रात्री-बेरात्री फावड्याने वाफ्याचं तोंड फोडायचं, माती ओढून पुन्हा बांधायचं. पील, म्हणजे केळीच्या बुडाशी येणारे फुटवे, काढायला उकिडवं बसून पुढे सरकत जायचं. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन बांधावरून रस्त्यापर्यंत आणायचा. वाकणं, उचलणं, उकिडव्यातून उठणं हे दिवसात शंभरदा तरी व्हायचं आणि त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं.

मग ठिबक आलं आणि फावडं भिंतीला टेकलं. पन्नाशीत मोटारसायकल आली. घड कापायला व्यापाऱ्याची टोळी येऊ लागली. घर बांधलं तेव्हा कमोड बसवला, जेवायला टेबल आलं, झोपायला उंच दिवाण. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाग मुलाच्या हाती गेली. यातली एकही गोष्ट चुकीची नव्हती, प्रत्येकीने सोयच केली. पण दिवसभरातलं जमिनीपर्यंत जाणं आणि परत उठणं एकेक करून बंद झालं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

आप्पांच्या पत्नीचं उदाहरण याच घरातलं. त्या ६२ वर्षांच्या. देवपूजा, भाजी निवडणं, पापड-कुरडया, अंगण सारवणं अजून खालीच बसून चालतं. फिरायला त्या कधी गेल्या नाहीत. खुर्चीवरून ३० सेकंदांत त्या १३ वेळा उठल्या, पण सहा मिनिटांच्या चालण्यात चौथ्या मिनिटाला थांबल्या. नवऱ्याकडे दम आहे आणि मांडी नाही, बायकोकडे मांडी आहे आणि दम नाही. ज्याची सवय राहिली तेवढंच अंगात राहिलं.

शेतातले कष्ट म्हणजेच व्यायाम, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. कष्टाचं काम स्नायू राखतं हे खरं, पण ते कामाला बांधलेलं असतं. काम गेलं की तेही त्याच दिवशी जातं. शिवाय त्यात विश्रांती आपल्या हातात नसते, भार हळूहळू वाढवता येत नाही आणि त्याच सांध्यावर तोच ताण पडत राहतो. अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये झालेल्या विश्लेषणात तर जास्त कष्टाचं काम करणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचा धोका हलकं काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्के जास्त आढळला. त्यात गरिबी, तंबाखू यांचा वाटा असू शकतो. तरीही कष्टांवर विसंबून व्यायाम सोडू नये एवढं त्यातून नक्की निघतं.

फिरणं का टिकलं

सत्तेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. त्या गावातल्या किती जणांना तेच सांगितलं गेलं असेल! आप्पांचं टिकलं याची कारणं साधी होती. वेळ एकच, पहाटे साडेपाच. वाट एकच, गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत आणि परत. सोबती तिघे, न गेल्यास दारात हाक येणार. शेवटी चौकात चहा. उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो तेव्हाही पहाट फिरण्याजोगी असते, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल टाळायला डांबरी रस्ता आहे. रोज उठून ‘जाऊ की नको’ हे ठरवावं लागत नव्हतं. सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात यावर लंडनमधला २०१० चा अभ्यास आहे: सरासरी ६६ दिवस, पण कुणाला १८ तर कुणाला अडीचशेच्या पुढे. पहिल्या तीन आठवड्यांत जमलं नाही म्हणून सोडणारे बहुतेक जण फार लवकर सोडतात.

आठवड्याचे सहा दिवस, रोज जवळपास तास, म्हणजे साडेतीनशे मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मध्यम श्रमाच्या १५० ते ३०० मिनिटांची आहे. आप्पा तिच्या पुढेच होते. पण त्याच शिफारशीत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोलाचा सराव सांगितला आहे. तो भाग गावापर्यंत पोहोचलाच नाही. ‘चाला’ एवढंच पोहोचलं. सपाट रस्त्यावर चालताना मांडीला तिच्या ताकदीचा थोडाच भाग लागतो, त्यामुळे जोर लावणारे जलद तंतू कामालाच येत नाहीत. वय वाढतं तसे सर्वांत आधी झिजतात ते हेच तंतू, आणि जमिनीवरून उठायला, ठेच लागल्यावर पाऊल झटकन पुढे टाकायला तेच लागतात.

तरीही त्या १९ वर्षांच्या फिरण्याने जे राखलं त्याची किंमत कमी लेखू नये. डॅलसमधल्या एका गटाने बैठ्या माणसांवर केलेले दोन प्रयोग इथे कामाचे आहेत. सुमारे ५३ वय सरासरी असलेल्यांना आठवड्यातून चार-पाच दिवस, दोन वर्षं व्यायाम दिला तेव्हा ऑक्सिजन वापरण्याची क्षमता १८ टक्के वाढली आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याचा ताठरपणा कमी झाला. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं. त्याआधी सत्तरीच्या आसपासच्या माणसांना वर्षभर व्यायाम दिला होता; दमसास वाढला, पण हृदयाचा ताठरपणा होता तसाच राहिला. उलट स्नायू उशिरानेही साथ देतात. बोस्टनमध्ये १९९० साली नव्वदीतल्या अशक्त माणसांना आठ आठवडे वजनाचा व्यायाम दिला, तर मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

आप्पांच्या बाबतीत याचा अर्थ असा की त्यांनी पन्नाशीच्या अलीकडे जे धरलं ते नंतर मिळवायला अवघड, आणि जे सुटलं ते अजून मिळवता येण्याजोगं. उलट झालं असतं तर सांगायला एवढं चांगलं काही उरलं नसतं.

सोळा आठवडे

सुरुवातीला औषधं पाहिली. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, रक्तदाबाची एक गोळी. ग्लिमेपिराइडने साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून घरी ग्लुकोमीटर हवा आणि खिशात साखर. व्यायामाआधी साखर ९० च्या खाली असेल तर आधी खायचं. डोळ्यांचा पडदा तपासून घेतला, कारण तिथे रक्तस्रावाचा धोका असेल तर जोराचा व्यायाम चालत नाही. श्वास रोखायचा नाही. उठताना सोडायचा, बसताना घ्यायचा.

व्यायाम तीन दिवस, सोमवार-बुधवार-शुक्रवार, प्रत्येक वेळी अर्धा तास. मुख्य व्यायाम खुर्चीवरून उठ-बस. खुर्चीवर गोधडी घडी करून बैठक ५० सेंटीमीटर केली. पाऊलं खांद्याएवढ्या अंतरावर, टाचा गुडघ्याच्या किंचित मागे, छाती पुढे झुकवून उठायचं, आणि बसताना मनात तीन मोजत सावकाश यायचं. खाली येतानाचा हा सावकाशपणाच स्नायू घडवतो. धपकन बसलं की अर्धा व्यायाम वाया. सहा-सहाचे तीन फेरे, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. फेरा संपताना ‘अजून दोन-तीन जमले असते’ असं वाटलं पाहिजे. सहाचे दहा जमले की गोधडीची एक घडी कमी, म्हणजे बैठक दोन-तीन सेंटीमीटर खाली.

जोडीला ओट्याच्या पायरीवर प्रत्येक पायाने आठ चढ, दोन फेरे. भिंतीला बोटं टेकून टाचा उचलणं, बारा-बाराचे दोन फेरे. पाच-पाच लिटरचे पाण्याने भरलेले दोन कॅन कमरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून उचलायचे आणि अंगणात वीस मीटर न्यायचे. याने पकडही सुधारते. तोलासाठी भिंतीजवळ एका पावलापुढे दुसरं पाऊल टाचेला बोटं लावून, वीस सेकंद, तीनदा.

पाचव्या आठवड्यापासून जमिनीवरून उठण्याचा सराव. हा बहुतेक ठिकाणी शिकवलाच जात नाही आणि खरी गरज त्याचीच असते. सतरंजीवर बसलेलं असताना एका कुशीकडे वळायचं, दोन्ही हात टेकून रांगण्याच्या स्थितीत यायचं, मजबूत खुर्ची समोर ओढायची, चांगला पाय पुढे टाकून एका गुडघ्यावर यायचं, आणि हात खुर्चीवर ठेवून पुढच्या पायावर जोर देत उभं राहायचं. आप्पांचा डावा पाय पुढे, कारण उजवा गुडघा जास्त झिजलेला. टेकणाऱ्या गुडघ्याखाली जाड गोधडी. आधी तुकड्या-तुकड्याने, मग सलग, दिवसात तीनदा.

ताटातही बदल लागला. या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे आप्पांना दिवसाला ६१ ते ७३ ग्रॅम. प्रत्यक्षात सकाळी चहा-टोस्ट, दुपारी दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) दोन भाकरी आणि भाजी, रात्री खिचडी. हिशेब कसाबसा चाळीसपर्यंत. घर शाकाहारी. वरण पातळ होतं ते घट्ट केलं, एका माणसामागे ४० ग्रॅम तूरडाळ म्हणजे नऊ ग्रॅम प्रथिनं. सकाळी टोस्टऐवजी मोड आलेली मटकी आणि ग्लासभर दूध. मूठभर शेंगदाणे, जेवणात वाटीभर दही. दादरच्या जागी अधूनमधून कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, उडदामुळे भाकरीमागे दोनेक ग्रॅम जास्त. हे करण्याआधी मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तातली क्रिएटिनिनची पातळी पाहिली. मूत्रपिंड बिघडलेलं असतं तर हा सल्ला देता आला नसता.

काय बिघडलं

आधी व्यायाम संध्याकाळी सात वाजता ठेवला होता. पहिल्या दोन आठवड्यांतल्या सहापैकी तीनच वेळा झाला. कधी पाहुणे, कधी बाजारभावाचे फोन. एकदा हात थरथरले, घाम फुटला, साखर ७२ निघाली. वेळ चुकीची होती: जेवणाआधीची, गोळीचा अंमल असतानाची, आणि कुठल्याही जुन्या सवयीला न जोडलेली. मग तो फिरण्याच्या शेपटाला बांधला. रस्त्यावरून परत आलं की ओट्यावरच, चपला-बूट काढण्याआधी. चौकातल्या चहाबरोबर घरून नेलेली अर्धी भाकरी, गोळी नंतर न्याहारीला. डॉक्टरांनी साखरेची नोंद पाहून गोळीचा डोस कमी केला. त्यानंतर व्यायाम क्वचितच चुकला, कारण फिरायला जाणं आधीच ठरलेलं होतं.

चौथ्या आठवड्यात उजवा गुडघा सुजला. गोधडीची एकेक घडी काढायची ती आप्पांनी उत्साहाने एकदम सगळी काढली आणि सलग तीन दिवस केलं. आठवडाभर बैठक पुन्हा ५० वर नेली, फेरे दोन केले, फिरणं चालू ठेवलं. नियम असा ठरवला की व्यायामात दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आधीपेक्षा जास्त नको. झिजलेल्या गुडघ्याला पूर्ण विश्रांती दिली की मांडी आणखी वाळते आणि गुडघ्यावरचा भार वाढतो. म्हणून कमी करायचं, बंद करायचं नाही.

नवव्या-दहाव्या आठवड्यात आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि लग्नसराई. दहा दिवस काहीच नाही. हे होणारच, खान्देशात त्या दिवसांत घरात बसून कोण राहतं? इथे ठरवून दिलं होतं की परतल्यावर आधीच्या दोन-तृतीयांशाने सुरुवात करायची आणि दोन आठवड्यांत मूळ पातळीवर यायचं. बाराव्या आठवड्यातला ताप जास्त महाग पडला, सहा दिवस अंथरूण. निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवलेल्या २००७ च्या अमेरिकी प्रयोगात फक्त पायांतून सुमारे एक किलो स्नायू गेला होता. तापातही ज्या दिवशी उठवेल त्या दिवशी दर दोन तासांनी खाटेवरून चार-पाच वेळा उभं राहायचं, एवढं तरी करून घ्यावं. पत्नीने ते करून घेतलं.

नातवाने फोनमध्ये पावलं मोजायला लावली आणि आप्पा दहा हजारांच्या मागे लागले. तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकल्या गेलेल्या पाऊलमापकाच्या नावातून आला. आप्पांना आणखी पावलांची गरज नव्हतीच. फोन खिशातून काढला.

सोळा आठवड्यांनंतर

३० सेकंदांत १२ वेळा उठले. पाच वेळा उठायला १२ सेकंद. एका पायावर नऊ सेकंद. पकड २८.५ किलो. सहा मिनिटांत ४७० मीटर. जमिनीवरून खुर्चीशिवाय, एक हात गुडघ्यावर टेकून १५ सेकंदांत उभे राहतात. पोटरीचा घेर मात्र ३२.३, म्हणजे जवळपास तेवढाच. त्यात निराश होण्यासारखं काही नाही. पहिल्या काही महिन्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू-मज्जातंतूंनी जास्त तंतू एकदम कामाला लावल्याने. स्नायूचा आकार मागून आणि या वयात हळू वाढतो. उकिडवं बसणं परत आलं नाही. घोटे आखडलेले, गुडघा झिजलेला, तिथे जबरदस्ती करण्यात अर्थ नाही. पंगतीत ते आता मांडी घालून बसतात, भिंतीकडेच्या जागेवर.

पत्नीला उलट नुस्खा दिला: आठवड्यात पाच दिवस, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने चालणं, दहा मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत.

आणि मुलगा. वय ४२. पाण्याची मोटार फोनवरून चालू होते, बागेत पिकअपने जाणं, पोट पुढे. ‘शेतकऱ्याला काय व्यायामाची गरज’ हे वाक्य त्याच्याही तोंडी होतंच. अमेरिकेतल्या तीन लाखांवर लोकांच्या २०१९ च्या अभ्यासात, तरुणपणी फारसे न हलणाऱ्या पण ४० ते ६१ वयात व्यायाम वाढवलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका न हलणाऱ्यांपेक्षा ३२ ते ३५ टक्के कमी होता. तरुणपणापासून चालू ठेवणाऱ्यांइतकाच जवळपास. त्याच्यासाठी खिडकी पूर्ण उघडी आहे. त्याला गावच्या व्यायामशाळेत आठवड्यातून दोनदा बैठका सांगितल्या, दहा-दहाचे तीन फेरे, टाचा टेकलेल्या, गुडघा दुखणार नाही इतक्याच खोल; मग वीस किलोची गोणी उचलून ठेवणं. तीन दिवस पहाटे वडिलांबरोबर मारुतीपर्यंत, त्यातला परतीचा अर्धा रस्ता झपझप, दम लागेल असा. आणि रात्रीचं जेवण टेबल सोडून खाली बसून, हात न टेकता उठायचं. मुलांनाही तिथेच बसवायचं.

त्याने पहाटेचं मान्य केलं, व्यायामशाळेचं टाळलं. तेव्हा बैठकाही ओट्यावर आणल्या, वडिलांच्या वेळेला. आप्पांची पुढची मोजणी पोळ्यानंतर आहे. खुर्चीवरून उठणं दहाच्या खाली गेलं तर बैठक पुन्हा वर नेऊन सहा-सहाच्या फेऱ्यांपासून सुरुवात. बारा किंवा पुढे राहिलं तर कॅन साडेसात लिटरचे.